लांबच्या घड्याळाचा सेकंदकाटा

४ जानेवारी

ती. मामा,
सा. न.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही नुसतं "हं, हं" करता आणि तेव्हा तुमच्या पुढ्यात कुणाचं तरी घड्याळ उघडं पडलेलं असतं. पत्र तरी दुकान बंद केल्यावर वाचाल.

काम आहे. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याने यंदा दोन शाळांतल्या सगळ्या मुलांचे डोळे तपासायला घेतलेत आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिलीच्या वर्गात चष्मे शोधावे लागतात. वरच्या वर्गात गेलं की बाकागणिक एक. एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आमच्या वेळी अख्ख्या शाळेत एक चष्मेवाला असायचा आणि त्याला सगळे ढापण्या म्हणायचे. आता कुणाकुणाला म्हणणार?" आम्ही हसलो, पण मला त्या दिवशी डबा गेला नाही. आमची छोटी त्याच शाळेत पहिलीला आहे. तिलाही मायनस एक निघालाय.

बाळाचा डोळा जन्मतः जरा आखूड असतो, मामा. वाढत वाढत तो बरोबर मापाला येतो आणि थांबतो. लांबचं धूसर दिसणं म्हणजे तो डोळा थांबायचा राहिला, लांबतच गेला. चष्म्याने दिसायला लागतं, पण लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. तो थांबत का नाही, हे मला शोधायचंय. म्हणून आपल्या घरात कुणाला, कधी, किती नंबर लागला ते कळवा. तुमच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगणार नाही.

माझा मला आठवतोच. सातवं वर्ष. शाळेत मला ढ म्हणायचे. तुमच्या दुकानातली घड्याळं मी आवाजावरून ओळखायचे म्हणून तुम्ही माझं नाव टिकटिक ठेवलंत, आणि ही पोरगी आवाजावर चालते कारण हिला दिसत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या आलं. तुम्ही विचारलंत, "त्या वरच्या घड्याळात किती वाजलेत?" मी म्हणाले, "सव्वाचार." त्या घड्याळाचे काटे तुम्ही पुसायला काढून टेबलावर ठेवले होते. तुम्ही हसला नाहीत. मला मामीबरोबर चष्मेवाल्याकडे धाडलंत. नवा चष्मा लावून मी परत आले तेव्हा काटे जागेवर होते आणि लांबच्या घड्याळालाही सेकंदकाटा असतो हे मला त्या दिवशी कळलं. लांब, तांबडा, टोकाशी जरा वाकलेला, म्हाताऱ्यासारखा चालणारा. मी आज जी काही आहे ती त्या काट्यामुळे.

आता तुमचं. मायनस आठ म्हणजे डोळा बराच लांबलाय. आतला पडदा मात्र तेवढाच, तो ताणून पातळ होतो. पातळ पडदा फाटू शकतो, आणि फाटला की हाताशी वेळ नसतो. तुमच्या उजव्या डोळ्यावर दुकान चालतं. दहा वर्षं "पुढच्या महिन्यात तपासतो" म्हणताय. या महिन्यात जा.

तुमची,
टिकटिक


१२ जानेवारी

चि. टिकटिक,
अनेक आशीर्वाद.

पत्र आज्ञेप्रमाणे दुकान बंद करून वाचलं. आधी एक दुरुस्ती. काटा टोकाशी वाकलेला होता असं तू लिहितेस. माझ्या दुकानात वाकडा काटा भिंतीवर चढत नाही. नवा चष्मा लागला की पहिले काही दिवस सरळ वस्तू वाकड्या दिसतात. एवढं शिकूनही तुला हे सांगावं लागावं याचं नवल वाटतं.

आता घराण्याचं. सोबत खोका पाठवला आहे. त्यात चार पिढ्यांचे चष्मे आहेत, मी एकही टाकून दिलेला नाही. पोलादी काड्यांचा माझ्या आजोबांचा. काळ्या जाड चौकटीचा वडिलांचा. ते कारकून होते, जन्मभर कागदांच्या नकला उतरवल्या. तुझ्या आईचे दोन, माझे पाच, आणि एक गुलाबी, तुझा पहिला. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे. वजन करून भरला आहे, काच तडकली तर टपालवाल्याला सोडू नकोस.

तुझ्या मुलांचं काय ते तू बघ, पण आमच्या घरात चष्मा हा रोग नाही. तो गुण आहे. ज्याला बारीक दिसतं त्याचं डोकंही बारीक चालतं. मी आठवी सोडली. गजराचं घड्याळ उघडताना माझ्या शेजारी उस्ताद नव्हता, एक परदेशी पुस्तक आणि एक शब्दकोश होता. ते जमलं ते या डोळ्यांमुळे. बाकीचे घड्याळजी डोळ्याला भिंग लावतात. मी चष्मा काढतो. उजवा डोळा अर्ध्या वितीवरून केसासारख्या स्प्रिंगचा वेढा न् वेढा मोजतो. असा डोळा कुणाला जन्मजात मिळत असेल तर त्याने तक्रार कशाला करायची?

घरात एकटा दादा बिनचष्म्याचा. त्याला लहानपणी आत्याने नेलं, तिच्या रोपवाटिकेत वाढला, माळी झाला. अजून रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचून दाखवतो आणि मला खिजवतो. त्याच्यात तो गुण उतरला नाही, बस.

बाकी इथे क्षेम. एकच कटकट आहे. टेबलाच्या वर टांगलेला दिवा बिघडला आहे. गेल्या रविवारपासून उजव्या कडेला चमक येते, वाकड्या विजेसारखी. सरळ बघितलं तर नाही, नजर झटकन वळवली की येते. वायरमनने नळी बदलली, मग होल्डर बदलला. चमक तशीच. परवा दिवा बंद करून शटर ओढत होतो तेव्हाही आली. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, "मालक, बंद दिवा चमकत असेल तर माझं काम संपलं. मांत्रिक बघा." तुझी मामी त्याच्या बाजूने हसली. मला वाटतं शेजारच्या दुकानाच्या पाटीची वीज आमच्या तारेत उतरते आहे.

दुसरं, तेल. नव्या बाटलीत नक्की भेसळ आहे. काल एका नाजूक लेडीज घड्याळात काळी कुसळं दिसली. फुंकर मारली, ब्रशने झाडली, यंत्र स्पिरिटमध्ये बुडवलं. जात नाहीत. उलट जिकडे बघावं तिकडे सरकतात. तेलवाल्याला खरमरीत पत्र टाकलं आहे.

तपासणीचं लक्षात आहे. लग्नसराई संपली की जातो.

तुझा,
मामा


२० जानेवारी
तुमच्या पलंगाशेजारून

ती. मामा,

हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहून तुमच्या तोंडाखालच्या स्टुलावर ठेवून निघतेय. डाव्या डोळ्याने वाचा. मान वर करायची नाही.

दिवा चांगला होता. डोळ्याच्या आत एक जेलीसारखा गोळा असतो. वयाने तो आक्रसतो आणि सुटताना पडद्याला ओढतो. पडद्याला उजेडाशिवाय दुसरी भाषा येत नाही, म्हणून ओढ बसली तरी तो "चमकलं" एवढंच सांगतो. म्हणून बंद दिवा चमकला. तुमचा पडदा आधीच ताणलेला, तो ओढीने फाटला. काळी कुसळं तेलातली नव्हती, ती डोळ्याच्या आत तरंगत होती. तेलवाल्याकडून पत्र परत मागवा.

फाटीतून पाणी मागे शिरून पडदा वरच्या बाजूने सुटत आला होता. मधला भाग, ज्याने तुम्ही स्प्रिंगचे वेढे मोजता, तो अजून चिकटलेला होता. आणखी एक-दोन दिवसांत तोही सुटला असता. सर्जनने पडदा जागेवर बसवून आत वायूचा बुडबुडा भरलाय. बुडबुडा नेहमी वर जातो. तुम्ही पालथे असलात की 'वर' म्हणजे डोळ्याची मागची भिंत, आणि तिथेच त्याने दाबून धरायचंय. तुम्ही मान वर केलीत की तो सरकला. एवढं साधं यंत्र आहे, बिघडवू नका.

उजव्या डोळ्याला किती दिसेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. काही महिने जातील. तुम्ही काल विचारलंत तेव्हा मी विषय बदलला, म्हणून लिहून ठेवतेय. खोटं सांगितलं तर तुम्ही ओळखता.

आणखी एक. तुम्ही नुसतं "दिवा बिघडला" असं लिहिलं असतं तर मी पुढचं पान उलटलं असतं. तुम्ही लिहिलंत: नजर वळवली की येते, दिवा बंद असतानाही येते, कुसळं नजरेबरोबर सरकतात. आमच्या परीक्षेत याहून नीट उत्तर कुणी लिहीत नाही. तुमच्या काटेकोरपणाने तुमचा डोळा वाचवलाय, जेवढा वाचेल तेवढा. मी फक्त मामीला फोन केला. तिच्यावर ओरडले, तेवढं तिला सांगा की रागाने नव्हतं.

टिकटिक


२९ जानेवारी

चि. टिकटिकीस,
आशीर्वाद.

पत्र मी, तुझी मामी, लिहितेय. सांगताहेत हे, फरशीकडे तोंड करून. कंसातलं सगळं माझं.

तीस वर्षं मान खाली घालून बसलेल्या माणसाला मान खाली घालायला शिकवावं लागत नाही. शेजारच्या खाटेवरचे हेडमास्तर घटकेघटकेला डोकं वर काढतात आणि नर्सची बोलणी खातात. मी एकदाही खाल्ली नाहीत. डॉक्टर म्हणाले, असा पेशंट पाहिला नाही. (डॉक्टर म्हणाले "बरंय". बाकीचं ह्यांनी लावलंय.)

बुडबुड्यातून फक्त उजेड आणि अंधार कळतो. हात हलला तर हलल्यासारखं वाटतं. दुखत नाही. (दुखतं.) दुकानाच्या दारावर पाटी लावायला सांगितली आहे. मजकूर असा: 'दुरुस्तीचे काम काही काळ बंद. घड्याळे सुरक्षित आहेत.' (मी नुसतं 'बंद आहे' लिहून लावलंय.)

वायरमनची माफी मागायची आहे. तो भेटायला आला होता, होल्डरचे पैसे परत देत होता, ते घेतले नाहीत. तेलवाल्याची मागणार नाही, त्याचं तेल तसंही पातळ आहे.

आता ह्यांना झोप लागलीय, तर माझं लिहिते. तुझा फोन आला तेव्हा हे स्टुलावर चढून दिव्याचं झाकण खोलत होते. मी म्हटलं, "टिकटिक म्हणतेय आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला." हे म्हणाले, "एवढे चार स्क्रू लावतो." मी स्टूल ओढलं, तेव्हा उतरले. वाटेत रिक्षात म्हणाले, खालच्या कोपऱ्यात काळं पाणी चढल्यासारखं दिसतंय. तिथून दवाखान्यापर्यंत मी ह्यांचा हात सोडला नाही, आणि ह्यांनीही सोडवून घेतला नाही. एवढ्यावरून काय ते समज.

परवा हळूच विचारत होते, "चष्मा काढून काही दिसलं नाही तर मी करायचं काय?" मी म्हटलं, "चष्मा लावून माझ्याकडे बघायचं." हसले नाहीत. तू आलीस, राहिलीस, बाई, तुझे उपकार कुठे ठेवू? उपकार म्हटलेलं तुला आवडणार नाही, पण मला दुसरा शब्द येत नाही.

मामी


२० फेब्रुवारी

ती. मामा,
सा. न.

पालथं पडणं संपलं हे मामीकडून कळलं. डोळ्यात बुडबुडा आहे तोवर उताणं झोपायचं नाही आणि विमानात बसायचं नाही. दुसरं तुम्ही करणार नाहीच.

तुमच्या खोक्यातले चष्मे काल नंबर मोजायच्या मशीनवर लावले. सगळ्या काचा शाबूत. खोका परत पाठवेन तेव्हा मोजून घ्या.

तुमच्या आजोबांचा चष्मा मायनसचा नाही. प्लस अडीच आहे, म्हातारपणी पोथी वाचायला लागतो तसा. त्यांना लांबचं शेवटपर्यंत लख्ख दिसत असणार. म्हणजे आपल्या घराण्याचा हा 'गुण' त्यांच्यापासून नाही. वडिलांचा मायनस दीड. तुमचा पहिला, बाराव्या वर्षाच्या चिठ्ठीचा, मायनस तीन. आत्ता नाकावरचा आठ. आईचा पाच. माझा गुलाबी, सातव्या वर्षीच दोन. आणि या टोकाला आमची छोटी, सहाव्या वर्षी एक. पिढीगणिक लवकर लागतोय, आणि जितका लवकर लागतो तितका पुढे जातो, कारण डोळा वाढायची वर्षं शिल्लक असतात.

रक्तातून काही येतं हे खरंय. आई-बाप दोघे चष्मेवाले असले की मुलाला लागायची शक्यता वाढते. पण चार पिढ्यांत रक्त इतकं बदलत नाही, मामा. बदललं ते लहानपण. तुमचे आजोबा दिवसभर उन्हात. वडील कचेरीत. तुम्ही बाराव्या वर्षी मागच्या खोलीत, खिडकी लावून, गजराचं घड्याळ नाकाला टेकवून. मी तुमच्या दुकानात. छोटी दोन खोल्यांच्या घरात, हातात पुस्तक नाहीतर माझा फोन.

शाळांचंही तेच. एका शाळेला मोठं मैदान आहे, मुलं मधल्या सुट्टीत आत सापडत नाहीत. दुसरीला, म्हणजे छोटीच्या शाळेला, मैदान नाही. सुट्टी वर्गातच. तिथल्या वरच्या वर्गात जवळजवळ निम्म्यांना चष्मा, मैदानाच्या शाळेत त्याहून बऱ्याच कमी मुलांना. दोन शाळांवरून जगाचा निकाल लावता येत नाही, पण दुसऱ्या गावांतून, दुसऱ्या देशांतूनही असंच ऐकू येतंय. चष्मा शिंकेने पसरत नाही. पण एका घरातून दुसऱ्या घरात मुलं आत बसण्याची रीत पसरते, आणि तिच्यामागून चष्मा येतो. उघड्यावरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. वाढत्या डोळ्याला 'आता थांब' हे बहुधा तोच सांगतो.

आणि दादामामा. तेच आई-बाप, तुमचाच सख्खा भाऊ, फक्त उन्हात वाढलेला. मी रागवायला लिहीत नाहीये. हे मला तुमच्या खोक्यानेच शिकवलं.

छोटीच्या मोठ्या बाई शाळेची गच्ची मधल्या सुट्टीत उघडायला तयार आहेत. पण विचारतात, "रिकाम्या गच्चीवर मुलं करणार काय?" तुम्हाला काही सुचलं तर कळवा.

आता परीक्षा. दुकानात तुमच्या खुर्चीवर बसा, डावा डोळा झाका आणि वरच्या घड्याळात काय दिसतं ते लिहा. आठवणीने सांगायचं नाही, आवाजावरून तर मुळीच नाही. ती युक्ती मला माहीत आहे.

टिकटिक


१४ मार्च

चि. टिकटिक,
अनेक आशीर्वाद.

परीक्षेचा निकाल आधी देतो, नाहीतर तू बाकीचं नीट वाचणार नाहीस. उजव्या डोळ्याला तबकडी दिसते. मोठा काटा दिसतो. छोटा आहे असं समजतं. सेकंदकाटा दिसत नाही. आवाज येत होता, तो मी हिशेबात धरला नाही.

बुडबुडा आता मसुराएवढा उरला आहे. आधी तो सुताराच्या पातळी बघायच्या पाणसळीसारखा होता. डोळ्यात आडवी रेघ, मान कलली की रेघ डुलायची आणि परत पातळीवर यायची. रोज थोडी खाली जायची आणि वरून जग उगवायचं. आधी छत, मग भिंतीवरचं पंख्याचं बटण, मग तुझ्या मामीचं कपाळ. तिला म्हटलं, उद्या डोळे उगवतील. ती म्हणाली, "मग रागाने बघितलेलं कळेल." मी इतकी वर्षं यंत्रं पाहिली, पण एवढं सुबक कुणी केलेलं पाहिलं नाही: आत घाला, काम करेल, आणि आपलं आपण नाहीसं होईल.

जवळचं अजून धूसर आहे. चष्मा काढून चिमटा धरला. स्क्रू एकाचे दोन दिसले, दोन्ही हुकले. एवढंच लिहितो.

तुझं घराण्याचं वाचलं. दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. आजोबांच्या चष्म्याचं तू चुकीचं मोजलं असशील असंही मामीला म्हणालो. मग दादा भेटायला आला. त्याला दारात उभं केलं आणि वरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्याने वेळ सांगितली, सेकंदासकट, शिवाय म्हणाला तबकडीवर कोळ्याचं जाळं आहे. होतं. एकाच कारखान्यातली दोन घड्याळं. एकाचा थांबवायचा खटका पडला, दुसऱ्याचा पडला नाही. खटका उजेडाने पडतो असं तुझं म्हणणं. यंत्राच्या दृष्टीने त्यात मला चूक सापडली नाही. मान्य. पण त्या मागच्या खोलीत खिडकी लावून बसलो नसतो तर घड्याळजी झालो नसतो, हेही लिहून ठेव. मला त्या खोलीचं वाईट वाटत नाही. छोटीला तिच्यात बसवू नकोस, एवढंच.

गच्चीवर मुलं काय करणार, याचं उत्तर वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे. बारीक काम जमत नाही, म्हणून ठोकळ काम केलं. पितळेची तबकडी, हाताएवढी. त्यावर तिरपी पात. सावलीचं घड्याळ. त्याला चावी नाही, तेल नाही, आणि ते घरात चालत नाही, हा त्याचा मुख्य गुण. पातीचा कोन आणि रेघा तुझ्या गावासाठी काढल्या आहेत, नकाशाच्या पुस्तकातून, दुसऱ्या गावाला उपयोगी नाही. बरोबर दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा पात त्या सावलीवर धरून पक्कं बसवा. रेघा बोटाने चाचपून कोरल्या आहेत, त्यातली चारची जरा खोल गेली आहे.

एक सांगून ठेवतो. ते वर्षातून काही महिने पुढे असतं आणि काही महिने मागे, कधीकधी पाव तासापर्यंत. सूर्याचंच तसं आहे, माझा इलाज नाही. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ मी आयुष्यात पहिल्यांदा हाताने दिलं आहे. दुकानाचं नाव त्यावर घातलेलं नाही.

तुझा,
मामा


३० मार्च

ती. मामा,
सा. न.

घड्याळ गच्चीवर बसलं. मधल्या सुट्टीत वर्गात आता फक्त दप्तरं असतात. सावली कुणाच्या डोक्याने अडवली यावरून रोज मारामारी. काल छोटीने मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं की शाळेची घंटा चुकीची आहे, आमच्या मामाआजोबांचं घड्याळ अजून सुट्टी आहे म्हणतंय. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी रागवण्याची वाट बघत बसले, तर त्या म्हणाल्या, "सुट्टी जरा वाढवूनच टाकू."

छोटीचा नंबर याने उतरणार नाही. वाढायचा वेग कमी होईल अशी आशा आहे, आणि जी मुलं अजून बिनचष्म्याची आहेत त्यांतली काही तशीच राहतील. कोणती, ते कधीच कळणार नाही. तुमचे आभार मानायला कुणी येणार नाही, म्हणून मीच मानते.

बुडबुडा गेला असेल तर नवा नंबर काढा. तुमचा चष्मा दहा वर्षांचा आहे, तो कमीच पडत असणार. आणि एक गोष्ट गंभीरपणे. शस्त्रक्रियेनंतर कधीकधी पडद्याच्या मधोमध सुरकुती पडते. सरळ रेघ वाकडी दिसली, दाराची चौकट, फरशीची कड, काहीही, तर लग्नसराई बघू नका. त्याच दिवशी फोन करा.

टिकटिक


१२ एप्रिल

चि. टिकटिक,
अनेक आशीर्वाद.

मी फोन केला नाही. का, ते क्रमाने लिहितो. घाबरू नकोस, शेवट चांगला आहे.

सोमवारी नवा चष्मा मिळाला. जुना दोन्ही डोळ्यांना दीडने कमी होता. म्हणजे तू म्हणतेस ते खरं, गेली कित्येक वर्षं मी जग जरा पुसट बघत होतो आणि त्यालाच जग समजत होतो. रस्त्यात सगळ्यांचे चेहरे फार जवळ आल्यासारखे वाटले. दुकान उघडलं, खुर्चीवर बसलो, डावा डोळा झाकला, वर बघितलं.

सेकंदकाटा दिसला. तांबडा. चालत होता.

आणि टोकाशी वाकडा होता.

तुझं पत्र गल्ल्यात होतं. ते काढून परत वाचलं. सुरकुती. सरळ रेघ वाकडी. मी दाराच्या चौकटीकडे बघितलं, ती सरळ वाटली, पण आता माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. तुझ्या मामीला सांगावं की नाही हे ठरेना. चिमटा हातात घेतला आणि परत ठेवला. मला वाटलं, संपलं. बुडबुडा, पालथं पडणं, तू रजा काढून धावत आलीस ते, सगळं एका वाकड्या टोकापर्यंत येऊन संपलं.

फोन उचलला होता. मग विचार केला, ही पोरगी विचारेल, डाव्या डोळ्याने कसा दिसतो? आणि माझ्याकडे उत्तर नसेल, आणि ही म्हणेल मामा, तुम्हीसुद्धा? म्हणून उजवा झाकून डाव्याने बघितलं.

डाव्यालाही वाकडा.

दोन्ही डोळ्यांत एकाच जागी एकाच मापाची सुरकुती पडत नाही, एवढं मला न शिकता कळतं. स्टूल लावलं, वर चढलो, घड्याळ उतरवून टेबलावर घेतलं. चष्मा काढला. अर्ध्या वितीवरून उजव्या डोळ्याने बघितलं. काटा वाकडा आहे, टिकटिक. टोकापासून मुगाच्या दाण्याएवढा भाग डावीकडे वळला आहे आणि वळणावर चिमट्याच्या दातांचे दोन ठसे आहेत. ते ठसे माझ्या जुन्या चिमट्याचे आहेत. तू चष्मेवाल्याकडून परत यायच्या आत काटे जागेवर असावेत म्हणून मी त्या दुपारी घाईने बसवले होते. त्याआधी किंवा नंतर मी कधी घाई केल्याचं मला आठवत नाही.

म्हणजे पंचवीस वर्षं माझ्या डोक्यावर, गिऱ्हाइकांच्या समोर, वाकडा काटा फिरतो आहे. मला खालून तो कधी दिसलाच नाही. तुला सातव्या वर्षी पहिल्या दिवशी दिसला आणि मी जानेवारीत तुला चष्म्याचे नियम शिकवले. ते वाक्य मागे घेतो. तुझी मामी चहा घेऊन आली तेव्हा तिला दाखवला. ती म्हणाली, "तो वाकडाच आहे की. मला वाटलं तसलाच असतो."

स्वतःच्या कामातली चूक सापडल्यावर मी एवढा आनंदी कधी झालो नव्हतो. टेबलावर डोकं टेकून हसत होतो. मामीला वाटलं रडतोय, मग तिने टेबलावरचा माझा नवा चष्मा उचलून पुसला. दोन्ही बरोबरच होतं म्हण.

आता नीट ऐक. ते ठसे मी उजव्या डोळ्याने पाहिले, बिनचष्म्याने, बिनभिंगाने. दोन ठसे, दोनच, एकाचे दोन नव्हे. मग त्या दिवशी अर्धवट सोडलेलं लेडीज घड्याळ उघडलं. कुसळं नव्हती. एक म्हातारं कुसळ तेवढं कोपऱ्यात तरंगतं, ते असू दे, सोबतीला आहे. स्क्रू पहिल्या फेरीत बसला. घड्याळ चालू आहे. दारावरची पाटी काढायला सांगितली, तर मामीने ती गुरुवारीच काढून ठेवली होती.

ज्यांनी बुडबुडा घातला त्या सर्जनना मी त्यांच्या वडिलांचं बंद पडलेलं खिशातलं घड्याळ दुरुस्त करून देणार आहे, ते स्वतः विचारायला लाजत होते. वायरमनला दुकानाचा दिवा बदलायला बोलावलं आहे, या वेळी खरोखरच, टेबल दाराशी उजेडात हलवतो आहे. तेलवाल्यालाही दोन ओळी टाकल्या. तुझ्यासाठी काय करावं हे ठरवता आलं नाही. तुला देता येईल असं माझ्याकडे काही नाही. जे होतं ते मी पंचवीस वर्षांपूर्वी वर टांगून ठेवलं आणि तू ते तेव्हाच बघितलंस.

घड्याळ परत भिंतीवर लावलं आहे. काटा सरळ करणं दोन मिनिटांचं काम आहे, आता डोळाही आहे. केलेला नाही. सुट्टीत छोटीला घेऊन ये. तिला खुर्चीवर बसवून विचारायचं आहे, त्या वरच्या घड्याळाच्या काट्याला काय झालंय ते सांग बघू.

तुझा,
मामा